चेंबरमधला स्वयंपाक

सोमवार होता. माझा भाचा शाळेत गेला नाही. दुपारी त्याला परळच्या हॉस्पिटलात नेलं. संध्याकाळी त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं.

आम्ही चौघं लालबागला राहायचो. धाकटा भाऊ, भावजय, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा आणि मी. वडील गिरणीत होते तेव्हाची चाळ पाडून तिथे इमारत उभी राहिली, तिच्यात आम्हाला वरच्या मजल्यावर जागा मिळाली. मी लग्न केलं नाही. गिरगावातल्या एका वाचनालयात नोकरी करते. घरातलं स्वयंपाकघर आधी आईचं होतं, मग भावजयीचं झालं. माझं कधीच नव्हतं. मला चहा आणि खिचडी येते. हे आधी सांगायला हवं, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

शुक्रवारपासून त्याचं पोट दुखत होतं. घरात जे होतं ते झालं. शेजारच्या काकूंनी बेंबीभोवती हिंगाचा लेप लावला, मी ओवा दिला, भावाने गॅसची गोळी आणली. खालच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि उद्यापर्यंत वाट बघू म्हणाले. रविवारी दुखणं थांबलं. तो उठून बसला, टीव्ही पाहिला. आम्हाला बरं वाटलं. पुढे सर्जननी समजावून सांगितलं, की अपेंडिक्स फुटलं की काही वेळ दुखणं असं थांबतं. आतला पू मोकळा होतो, ताण जातो, आणि मग सगळ्या पोटात विष पसरतं. आम्ही ज्या दुपारी बरं वाटलं म्हणून झोपलो, त्या दुपारी ते पसरत होतं.

ऑपरेशननंतर दोन दिवस तो ठीक होता. मग जखमेच्या कडा काळ्या पडायला लागल्या. पोटाच्या भिंतीतच जंतू शिरले होते, कातडीखालचं मांस मरत चाललं होतं. पुन्हा ऑपरेशन झालं, मेलेला भाग काढला. पोट शिवलं नाही, उघडंच ठेवून वर पट्ट्या बांधल्या. त्यानंतर सर्जननी आम्हाला तिघांना बसवून चेंबरविषयी सांगितलं. हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत एक लोखंडी खोली आहे. तिच्यात हवेचा दाब वाढवतात आणि पेशंटला शुद्ध ऑक्सिजन देतात. दाबामुळे तो रक्तात जास्त विरघळतो, जिथे रक्त नीट पोचत नाही तिथेही पोचतो, आणि हवा न मानवणारे काही जंतू त्याने मरतात. मुलांच्या बाबतीत अनुभव कमी आहे, असंही ते म्हणाले. हा उपचार नाही, उपचाराला जोड आहे. झाला तर उपयोग होईल.

भाऊ म्हणाला, करा.

मुलाबरोबर एक सिस्टर आत बसणार होती, पण घरचं एक माणूस असलं तर मूल शांत राहतं, असं सांगितलं. भावाला सायनसचा जुना त्रास, त्याचे कान तो दाब सहन करणार नाहीत असं कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं. भावजयीला सहावा महिना होता, तिला आत जायची परवानगीच नव्हती. राहिले मी. माझ्या छातीचा एक्स-रे काढला, कान तपासले, आणि मी पास झाले.

चेंबर चालवणारे गृहस्थ गिरगावातले ख्रिश्चन होते, जुन्या मुंबईचे, मराठी आमच्यापेक्षा सरळ बोलणारे. साठीला आलेले. चेंबर म्हणजे आडवी ठेवलेली पाण्याची मोठी टाकी, तिला पांढरा रंग आणि गोल काचा. दारावर मराठीत पाटी होती. सुती कपडेच घालावेत. घड्याळ, दागिने, फोन, काडेपेटी नको. तेल, क्रीम, पावडर, अत्तर नको. ते पाटी वाचून दाखवायचे आणि प्रत्येक गोष्टीचं कारण सांगायचे. ऑक्सिजनमध्ये तेल असलं की एक ठिणगी पुरते, म्हणाले. भाच्याच्या कमरेचा काळा करगोटा सिस्टरने कात्रीने कापला. भावजयीने तो तिच्याकडून मागून घेतला आणि पदराला बांधला.

मी पिशवीतून पुस्तक काढलं तेव्हा त्यांनी नकाराची मान हलवली. कागदही नको.

"मग आत करायचं काय?" मी विचारलं.

"बोला. नऊ वर्षांच्या पोराशी बोलता येत नाही?"

मला येत नव्हतं, म्हणजे तसं कधी लागलंच नव्हतं. मी त्याला वाचून दाखवायची. तो लहान असताना मांडीवर आणि नंतर शेजारी बसून. आमच्या दोघांत नेहमी पुस्तक असायचं.

दार बंद झालं की हवा भरायला लागते, मोठा आवाज होतो आणि आत उकडायला लागतं. असा दाब वाढण्याला तिथे खाली जाणं म्हणत, पाणबुड्यांसारखं. आपण जमिनीवरच असतो, पण बाहेरून माइकवर आवाज येतो, आता खाली चाललोय. कानांना दडे बसतात. गिळलं की ते सुटतात. मोठ्या माणसाला सांगावं लागत नाही, भाच्याला सांगावं लागत होतं. त्याच्या नाकातून पोटात नळी होती, घसा दुखत होता, आणि तोंड कोरडं. त्याला कितीतरी दिवस तोंडाने काही दिलं नव्हतं. पाण्याचा घोटही नाही, फक्त ओल्या कापसाने ओठ पुसायचे. गिळायला तोंडात काही नव्हतं. पहिल्या दिवशी तो कान धरून रडायला लागला. दाब तिथेच थांबवला. माइकवर चेंबरवाले गृहस्थ म्हणाले, "बॉस, ऐक. तुला खायला काय आवडतं? ते डोळ्यांसमोर आण. तोंडाला पाणी सुटलं की गिळ."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बांगड्याचं तिखलं. का ते माहीत नाही, घरात नेहमी तेच व्हायचं. मग पुढे काय बोलायचं ते कळेना, म्हणून मी ते करायला घेतलं. बांगडे आणले, साफ केले, तुकडे केले. मीठ लावून ठेवलं. खोबरं वाटलं, मिरच्या घातल्या, हळद घातली, कोकम घातलं आणि गॅसवर ठेवलं.

त्याने गिळलं. आणि कोरड्या आवाजात म्हणाला, "तिरफळं राहिली."

"हो, तिरफळं."

"ती आधी ठेचतात. मग घालतात." थोड्या वेळाने आजोबांच्या मालवणीची नक्कल करत म्हणाला, "आत्या, तुका नाय जमाचा."

सिस्टर केरळची होती. तिला शब्द कळले नसावेत, पण ती हसली.

खाली पोचलो की त्याच्या डोक्यावर पारदर्शक टोपडं चढवायचे, गळ्याशी रबराचं कडं असलेलं. त्यातून ऑक्सिजन यायचा. तो त्याला बरणी म्हणायचा. मी बरणीत बसलो की लोणचं होणार, म्हणायचा. अधूनमधून टोपडं काढून साधी हवा द्यावी लागे, तिला बाहेरचे गृहस्थ मधली सुट्टी म्हणायचे. मधल्या सुट्टीत तो बोलायचा, एरवी मी. वर येताना हवा गार व्हायची, आत थोडं धुकं दाटायचं आणि आम्ही तिघं तिथे चादरी गुंडाळून बसायचो, जणू कुठल्या तरी डोंगरावर आलो आहोत.

दुसऱ्या दिवसापासून ते ठरूनच गेलं. मी आत जाण्याआधी बाहेरच्या बाकावर भावजयीशेजारी बसायची आणि ती मला एक पदार्थ सांगायची. ती वेंगुर्ल्याकडची. घाईत सांगायची, प्रमाण विचारलं तर चिडायची. "अंदाजाने, ताई. ते सांगता येतं का?" काळ्या वाटाण्याचं सांबारं सांगताना वाटाणे आदल्या रात्री भिजवायचं सांगायला विसरली. मी ते तसंच आत नेलं. त्याने वाटाणे शिजू दिले नाहीत. भिजवलेच नाहीत तर शिजणार कसे, म्हणाला. मी बाहेर येऊन तिला सांगितलं. तिने डोळ्यांना पदर लावला आणि हसली. ती हसल्याचं मला त्या सगळ्या दिवसांतलं एवढंच आठवतं.

आंबोळ्या केल्या. सोलकढी केली. शिरवाळे आणि नारळाचा रस केला, ते दोन दिवस चाललं, कारण शेवया पाडायच्या साच्यावर तो फार वेळ थांबला. साचा कोणी दाबायचा यावर आमची चर्चा झाली. त्याच्या मते बाबांनी, कारण आईच्या पोटात बाळ आहे. रोज मी चुकायची आणि रोज तो दुरुस्त करायचा. पुढे मी मुद्दाम एखादी वस्तू गाळायला लागले. ते त्याला कळलं. तो म्हणाला, "खोटं नको विसरू."

मी दमले होते. हे लिहिताना लाज वाटत नाही. सकाळी वाचनालयात अर्धा दिवस, मग परळ, मग चेंबर, मग रात्री अतिदक्षता विभागाबाहेरची प्लास्टिकची खुर्ची. भाऊ ऑफिस आणि औषधांच्या दुकानांमध्ये फिरत होता. आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलत होतो. भावजय खुर्चीत पाय वर घेऊन बसायची, पायांना सूज होती. तिला घरी जा म्हटलं की जायची नाही. कॅन्टीनचा चहा आणि पाव, तोच रोज. माझ्या डोक्याची कातडी कोरडी पडून खाजायची, कारण चेंबरसाठी मीही तेल सोडलं होतं. अशा बारीक गोष्टी लक्षात राहतात.

आणि त्याला फरक पडत होता. जखमेच्या कडांना लाल रंग आला होता. पट्टी बदलताना सर्जन म्हणाले, हे जिवंत मांस आहे. ताप उतरला. नळीतून येणारं हिरवं पाणी कमी झालं. सोमवारी घोटभर पाणी देऊन पाहू, असं शनिवारी सांगितलं. त्या दिवशी चेंबरमध्ये त्याने मला काही शिजवू दिलं नाही. सोमवारी पाणी मिळाल्यावर मंगळवारी पेज मिळेल, मग कधीतरी भात, मग मासे, अशी त्याने पुढच्या सगळ्या दिवसांची आखणी केली. मी फक्त हो म्हणत होते.

रविवारी चेंबर बंद असे. भेटायच्या वेळेत भावजय आत गेली. आमच्या घरी रविवारी सकाळी डोक्याला तेल लावायची रीत होती. तिच्या आईकडे तशी, आमच्या आईकडेही तशी. बाळाची टाळू भरावी तसं ती टाळूवर तेल जिरवायची, मग बोटांनी केसांत, मग कानांच्या मागे. त्याला कितीतरी दिवसांनी स्वच्छ केलं होतं, अंग पुसलं होतं, केस राठ झाले होते. डोकं गरम लागतंय म्हणून तिने पर्समधली खोबरेलाची छोटी बाटली काढली आणि त्याच्या डोक्याला तेल लावलं. सिस्टरच्या ते लक्षात आलं नाही, किंवा तिला त्यात काही वाटलं नाही. ती त्या विभागातली सिस्टर होती, चेंबरची नव्हे. मी वाचनालयात होते. भाऊ त्या वेळी तिथे होता, त्याने नंतर सांगितलं की ती लावत असताना मुलगा डोळे मिटून पडला होता आणि एकदा म्हणाला, अजून.

दुपारी त्याला थंडी वाजली आणि ताप चढला. सर्जननी रविवार असूनही चेंबर उघडायला सांगितलं. चेंबरवाले गृहस्थ चर्चला घातलेले कपडे न बदलता गिरगावातून आले. मीही पोचले. स्ट्रेचर दाराशी आणलं. त्यांनी खाली वाकून त्याच्या डोक्याशी नाक नेलं.

"तेल कुणी लावलं?" त्यांनी विचारलं.

भावजय पुढे आली. "मी."

ते तिच्यावर रागावले नाहीत. त्यांनी टोपी काढावी तसा चष्मा काढला आणि पुसला. म्हणाले, धुऊ या, साबणाने धुऊ या. सिस्टरने आणि मी कोमट पाण्यात फडकी बुडवून त्याचं डोकं धुतलं. उशीखाली प्लास्टिक घातलं. खोबरेल एका धुण्यात जात नाही, हे प्रत्येक बाई जाणते. दुसऱ्यांदा साबण लावला तेव्हा तो थरथरायला लागला. दात वाजत होते. मी त्याला म्हटलं, आज काय शिजवायचं? मॉनिटरवरचे आकडे खाली यायला लागले तेव्हा डॉक्टरांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, या अवस्थेत आत नेता येणार नाही, वर अतिदक्षता विभागात घेऊन चला.

वर नेलं. रात्री श्वासाची नळी घातली. जंतू रक्तात गेले होते. सोमवारी त्याला पाणी द्यायचं होतं, तो दिवस गेला. मंगळवारी पहाटे तो गेला.

पुढचं मी थोडक्यात सांगते. भावाने सगळं केलं. माणसं आली, माणसं गेली. घरात बरेच दिवस कोणी मासे आणले नाहीत. भावजय बाळंतपणाला माहेरी गेली नाही. पोट वाढत होतं आणि ती त्याकडे पाहत नव्हती. एके दिवशी मी कपडे घड्या करत असताना ती येऊन समोर बसली.

"ताई, तेल लावलं नसतं तर?"

मी सर्जनना हे आधीच विचारलं होतं. त्यांना भेटायला मी मुद्दाम एकटी गेले होते. ते म्हणाले होते, आदल्या रात्रीच जंतू रक्तात शिरले होते, रविवारची थंडी ही त्याचीच खूण होती. त्या अवस्थेत चेंबरच्या एका बैठकीने काही बदललं नसतं, कदाचित तो आतच गेला असता. मी हे तिला जसंच्या तसं सांगितलं.

ती म्हणाली, "ते तुम्हाला असंच सांगणार." आणि कपड्यांच्या घड्या करायला लागली.

सर्जन खरं बोलत होते असं मला वाटतं. त्यांनी मला रक्ताचे रिपोर्ट दाखवले होते, त्यांना ते दाखवायची गरज नव्हती. पण तिचं चूक आहे असंही मला कधी म्हणता आलं नाही. तिच्या बोटांना त्या दिवसाची आठवण आहे, रिपोर्टला नाही.

मुलगी झाली. बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणारी बाई आमच्या वस्तीत पिढ्यान् पिढ्या एकाच घरातली येते. ती आली, पाट मांडला, तेलाची वाटी मागितली. भावजय म्हणाली, तेल नको. बाई म्हणाली, अगं, तेलाशिवाय बाळाचं अंग कसं भरणार, टाळू कशी भरणार? शेजारच्या काकू म्हणाल्या, असं कुठे असतं का. भावजय तेवढंच म्हणाली, नुसत्या पाण्याने घाला. बाई दोन-तीन दिवस आली आणि मग यायची थांबली. तिचाही मान असतो. नंतर मुलीला मीच न्हाऊ घालायला लागले, बेसन आणि दुधाने. तिच्या पायांची कातडी हिवाळ्यात फुटायची. खोबरेलाची बाटली घरातून नाहीशी झाली होती, कोणी टाकली ते कोणी विचारलं नाही. भावजयीचे स्वतःचे केस सुकून तुटायला लागले, ते ती वर बांधून टाकायची.

मी वाचनालयातून येताना एकदा गिरगावात ते चेंबरवाले गृहस्थ भेटले. निवृत्त झाले होते. हातात भाजीची पिशवी. मुलाचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही. आई कशी आहे, त्यांनी विचारलं. मी मुलगी झाल्याचं सांगितलं, आणि तेलाचं सांगितलं. त्यांनी पिशवी रस्त्याच्या कडेला खाली ठेवली. मग म्हणाले, "ती पाटी आमच्या दारावर आहे. तुमच्या घराच्या दारावर नाही. सांगा तिला."

मी घरी येऊन तिला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

पण त्यानंतरच्या रविवारी ती बाजारातून आली आणि पिशवीतून दोन वस्तू काढून ओट्यावर ठेवल्या. बांगड्यांचा एक वाटा आणि खोबरेलाची बाटली. मुलगी तोवर धरून चालायला लागली होती. भावजयीने बाटली माझ्यापुढे सरकवली.

"तुम्ही लावा, ताई. मला नाही जमणार."

मी बाल्कनीत मुलीला मांडीवर घेतलं. तेल तळहातावर ओतलं, टाळूवर ठेवलं. कसं जिरवायचं ते मला नीट येत नव्हतं, मी आईचं आणि भावजयीचं पाहून केलं. मुलगी मान मागे टाकून वर बघत होती. आत भावजय खोबरं वाटत होती. मी मुलीला हळू आवाजात सांगायला लागले, आता मिरच्या, आता हळद, आता कोकम. आतून मिक्सर थांबला. थोड्या वेळाने ठेचल्याचा आवाज आला, दगडी खलात. तिरफळांचा वास बाल्कनीपर्यंत आला.

आता आम्ही पुन्हा चौघं आहोत. भावजय स्वयंपाक करते, तेलाला हात लावत नाही. करगोट्याचा तुकडा तिच्या कपाटात आहे. खोबरेलाची बाटली माझ्या कपाटात, पुस्तकांच्या मागे असते. रविवारी सकाळी मी ती काढते, मुलीच्या डोक्याला तेल लावते, आणि परत ठेवते.